अकरावी-बारावीचा भूगोल: पाठ करण्याआधी नकाशा उघडा

‘भूगोल घे, पाठांतर केलं की सुटतो.’ अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत हा सल्ला हमखास मिळतो. दहावीपर्यंत त्यात थोडंफार तथ्य असेलही. पण अकरावीत ‘भौगोलिक कारणे लिहा’ हा प्रश्न समोर आला, शेजारी समोच्च रेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा आणि आकड्यांचा तक्ता आला, की पाठ केलेल्या ओळी कुठे बसवायच्या तेच कळेनासं होतं. हा लेख मुख्यतः महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सीबीएसईवाल्यांनाही यातला बराच भाग चालेल.

मंडळाच्या परीक्षेत भूगोलाचे ८० गुण लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. अकरावीत भर प्राकृतिक भूगोलावर: भू-हालचाली, विदारण (खडक फुटणं-कुजणं), विस्तृत झीज (उतारावरून माती-दगड खाली सरकणं), अपक्षरणाची कारके (नदी, वारा, हिमनदी वगैरे), हवामान प्रदेश, हिंदी महासागर. बारावीत माणूस येतो: लोकसंख्या, वस्ती, प्राथमिक ते तृतीयक आर्थिक क्रिया, प्रादेशिक विकास. बहुतेक मुलं अकरावी ‘ते काही बोर्डाचं वर्ष नाही’ म्हणून सोडून देतात, आणि बारावीत ‘डोंगराळ भागात लोकसंख्या विरळ का?’ या प्रश्नाला ‘कारण तेथे डोंगर आहेत’ इथवर येऊन थांबतात. उतार, मृदा, पाणी यांचं उत्तर अकरावीच्या पुस्तकात राहिलेलं असतं.

कोणताही धडा हाती घेतला की क्रम एकच ठेवा: आधी जागा, मग आकडा, मग कारण. परिच्छेद शेवटी वाचायचा.

पहिली पायरी: टेबलावर काय हवं

बालभारतीचं पाठ्यपुस्तक. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ फुकट मिळते, त्यामुळे पुस्तक उशिरा आलं ही सबब चालणार नाही. एक बऱ्यापैकी नकाशासंग्रह. जग, भारत आणि महाराष्ट्राचे कोरे आराखडे, भरपूर. तीव्र टोकाची पेन्सिल, दोरा आणि मिलिमीटर दिसणारी पट्टी. गाईड घ्यायचं तर घ्या, पण दिवाळीनंतर. सुरुवातीपासून गाईड हातात असलेला विद्यार्थी पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या आणि तक्त्यांकडे बघतच नाही, आणि पेपर काढणाऱ्याचं लक्ष नेमकं तिथे असतं.

दुसरी पायरी: स्थलनिर्देशक नकाशा वाचायला शिका

या पायरीवर वेळ घालवा. हा नकाशा ज्याला वाचता येतो, त्याला अकरावीचे निम्मे धडे डोळ्यांनी दिसतात.

जमिनीचे चढउतार, नद्या, रस्ते, वस्त्या एकत्र दाखवणारे हे नकाशे सर्व्हे ऑफ इंडिया तयार करते. १७६७ साली सुरू झालेल्या या संस्थेचं मुख्यालय डेहराडूनला आहे. नेहमी हाताळायचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा, म्हणजे नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर.

आधी नकाशाचा क्रमांक. जुन्या पद्धतीच्या नकाशावर ‘४७ जी/९’ असं लिहिलेलं असतं, आणि मुलं ते न बघता पुढे जातात. तो असा उलगडायचा. ४७ क्रमांकाचा मोठा नकाशा १६° ते २०° उत्तर अक्षांश आणि ७२° ते ७६° पूर्व रेखांश एवढा भाग व्यापतो. त्याचे एकेक अंशाचे सोळा चौकोन पाडतात आणि त्यांना ए ते पी अक्षरं देतात. अक्षरं वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन खाली उतरतात. चार झाली की शेजारचा उभा रकाना. म्हणजे ए, बी, सी, डी पहिल्या रकान्यात, ई, एफ, जी, एच दुसऱ्यात. त्यामुळे जी म्हणजे १७° ते १८° उत्तर आणि ७३° ते ७४° पूर्व. या चौकोनाचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा भाग, त्याच क्रमाने १ ते १६. नववा भाग तिसऱ्या रकान्यात सगळ्यात वर: १७°४५′ ते १८° उत्तर, ७३°३०′ ते ७३°४५′ पूर्व. महाबळेश्वर या चौकोनात पडतं.

आता पुणे करून बघा: साधारण १८°३१′ उत्तर, ७३°५१′ पूर्व. उत्तर ४७ एफ/१४ यायला हवं. मग स्वतःच्या गावाचं. नव्या ओपन सिरीज नकाशांवर क्रमांकांची पद्धत वेगळी आहे, पण ही रीत एकदा हातात बसली की तीही जड जात नाही.

नकाशा उघडल्यावर नजर लगेच मधोमध नेऊ नका. आधी समास वाचा: प्रमाण, समोच्च रेषांतर, सर्वेक्षणाचं साल. साल महत्त्वाचं अशासाठी, की जुन्या नकाशावर आजचं धरण किंवा बाह्यवळण रस्ता नसणारच, आणि तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न येऊ शकतो. मग रंग: तपकिरी समोच्च रेषा, निळं पाणी, हिरवी वनं, पिवळी शेती, लाल रंगात वस्ती आणि रस्ते, काळ्या रंगात लोहमार्ग आणि नावं.

त्यानंतर समोच्च रेषा. १:५०,००० च्या नकाशात दोन रेषांतलं उंचीचं अंतर बहुधा २० मीटर असतं आणि दर पाचवी रेषा जाड, म्हणजे जाड रेषा १०० मीटरनी वाढत जातात. महाबळेश्वरच्या नकाशात पश्चिमेकडे, प्रतापगड आणि सावित्रीच्या खोऱ्याच्या बाजूला रेषा इतक्या दाटतात की मोजताना पेन्सिलीचं टोकही जाड वाटतं. तो सह्याद्रीचा कडा. वर पठारावर त्याच रेषा एकदम सैल होतात. पूर्वेला आणि दक्षिणेला दऱ्या लांबट होत जातात आणि कोयना दोन डोंगररांगांमधून दक्षिणेकडे निघालेली दिसते. सावित्रीला पश्चिमेला समुद्र गाठायचाय, कोयनेला कृष्णेमार्गे थेट बंगालचा उपसागर. दोघींचे उगम मात्र एकाच पठारावर. ‘सह्याद्री हा प्रमुख जलविभाजक आहे’ ही पुस्तकातली ओळ इथे बोट ठेवून दाखवता येते.

दरी आणि डोंगरसोंड यांत गोंधळ होतो, तो असा मिटवा. दोन्हीकडे रेषांना टोक येतं. टोक जास्त उंचीच्या आकड्याकडे असेल तर दरी, कमी उंचीकडे असेल तर सोंड. आणि निळी रेघ ज्या टोकांतून जाते ती दरीच.

उताराचं एक गणित करून ठेवा. समजा, दोन ठिकाणांमधलं नकाशावरचं अंतर ६.४ सेंटिमीटर. जमिनीवर ते ३.२ किलोमीटर, म्हणजे ३,२०० मीटर. एक ठिकाण ७२० मीटरवर, दुसरं ८८० मीटरवर. फरक १६० मीटर. १६० भागिले ३,२०० म्हणजे १:२० चा उतार. रस्ता वळणावळणाचा असेल तर अंतर दोऱ्याने मोजा, पट्टीने नाही.

शेवटी छेद, म्हणजे जमिनीच्या चढउताराची बाजूने दिसणारी आकृती, काढा. कागदाची सरळ पट्टी दोन बिंदूंमध्ये ठेवायची, प्रत्येक जाड रेषा जिथे छेदते तिथे खूण करून उंची लिहायची, आणि त्या खुणा आलेख कागदावर उतरवायच्या. उभं प्रमाण १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतलंत तर आडव्या प्रमाणाच्या, म्हणजे १ सेंटिमीटरला ५०० मीटरच्या, तुलनेत उंची पाचपट ताणली जाते. छेदाखाली तसं लिहा. न लिहिल्यास टेकडीचा हिमालय झालेला असतो आणि परीक्षक विचारतो.

तिसरी पायरी: प्राकृतिक भूगोलाला आपल्या जागा द्या

पुस्तकातली उदाहरणं कधी अँडीजची, कधी सहाराची. ती लिहायचीच, पण प्रत्येक संकल्पनेला जवळची एक जागा जोडा.

पर्जन्यछाया (डोंगराआडचा कमी पावसाचा भाग) म्हटलं की महाबळेश्वर, पांचगणी, वाई ही ओळ डोक्यात यावी. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६,००० मिलिमीटर पाऊस. वीसेक किलोमीटर पूर्वेला पांचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. घाट उतरून वाईला आलात की हजाराच्याही खाली. नैर्ऋत्य वारे कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात, बाष्प ओततात आणि पूर्वेला उतरताना तापून कोरडे पडतात. या तीन नावांसाठी आकृती काढलीत तर उत्तर अर्धं झालं.

विस्तृत झीज शिकताना माळीण आणि इर्शाळवाडी. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं दगावली. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. दोन्ही वेळा महिना जुलै, दोन्हीकडे मुसळधार पाऊस आणि तीव्र उतार. विदारणाने भुसभुशीत झालेल्या थरात पाणी मुरतं, थराचं वजन वाढतं, खालच्या खडकाशी त्याची पकड सुटते आणि गुरुत्वाकर्षण उरलेलं काम करतं. विदारण आणि विस्तृत झीज एकाच धड्यात का आहेत, ते इथे कळतं.

भूकंपासाठी कोयना, ११ डिसेंबर १९६७, आणि किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. दख्खनचं पठार स्थिर समजलं जातं, तरी हे दोन भूकंप झाले, हा मुद्दा ‘टिपा लिहा’मध्ये उठून दिसतो.

हवामान नकाशाला घाबरण्यासारखं काही नाही. भारतीय हवामान विभागाच्या नकाशात समभार रेषा (सारख्या हवेच्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या) सहसा २ मिलिबारच्या फरकाने असतात. जुलैचा नकाशा घ्या: राजस्थान-पाकिस्तानकडे कमी दाब, दक्षिणेकडे दाब वाढत गेलेला. रेषा जवळ आल्या की वारा जोराचा. पुण्यात राहणाऱ्यांनी शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’चं नाव ऐकलेलं असतं, सिमल्याहून १९२८ साली हवामान खात्याचं कार्यालय तिथे आलं म्हणून ते नाव. गुणांना उपयोग नाही, पण लक्षात राहतं.

चौथी पायरी: आकड्यांना प्रश्न विचारा

बारावीच्या लोकसंख्येच्या धड्यांत आकडे पाठ करण्यात मुलं जीव घालतात. त्यातून एक कायमची डोकेदुखी: दोन पुस्तकांत दोन आकडे. भारताचं २०११ चं लिंग गुणोत्तर (दर हजार पुरुषांमागे स्त्रिया) कुठे ९४०, कुठे ९४३. साक्षरता कुठे ७४.०४ टक्के, कुठे ७३. छपाईची चूक नाही ती. आधी जनगणनेचे तात्पुरते आकडे जाहीर झाले, नंतर अंतिम आले. ९४३ आणि ७३ अंतिम. उत्तरात अंतिम आकडा आणि शेजारी ‘जनगणना २०११’ लिहा. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली, त्यामुळे नवे आकडे येईपर्यंत २०११ चेच चालवायचे.

आता एक प्रात्यक्षिक सोडवू: स्पीअरमनच्या पद्धतीने सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी बरोबरीने वाढतात-घटतात का, हे क्रम लावून पाहणं. प्रश्न असा की साक्षरता आणि लिंग गुणोत्तर यांचा संबंध आहे का? २०११ ची पाच राज्यं घेऊ.

केरळ: साक्षरता ९४.०, लिंग गुणोत्तर १,०८४
महाराष्ट्र: ८२.३, ९२९
तमिळनाडू: ८०.१, ९९६
हरियाणा: ७५.६, ८७९
बिहार: ६१.८, ९१८

साक्षरतेनुसार क्रम याच यादीतला: १, २, ३, ४, ५. लिंग गुणोत्तरानुसार केरळ १, तमिळनाडू २, महाराष्ट्र ३, बिहार ४, हरियाणा ५. प्रत्येक राज्याच्या दोन क्रमांकांतला फरक काढा: केरळचा ०, बाकी चौघांचा १. फरकांचे वर्ग करून बेरीज ४. सूत्रानुसार १ मधून (६ × ४) भागिले ५(२५ − १) वजा करायचं, म्हणजे २४ भागिले १२०, ०.२. उत्तर ०.८. जर्नलमध्ये (प्रात्यक्षिकाच्या वहीत) निष्कर्ष: ‘उच्च धन सहसंबंध.’

इथे पेन ठेवू नका. ०.८ चा अर्थ ‘साक्षरतेमुळे स्त्रियांचं प्रमाण वाढतं’ असा होत नाही. महाराष्ट्रातले जिल्हे बघा. मुंबई शहर जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८९ टक्के, लिंग गुणोत्तर मात्र ८३२. रत्नागिरीची साक्षरता मुंबईपेक्षा कमी, ८२ च्या आसपास, आणि गुणोत्तर १,१२२. कारण कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत आहे: पुरुष नोकरीला मुंबईत, बाया-माणसं गावाला. एकाच स्थलांतराने एका जिल्ह्यात आकडा चढवला, दुसऱ्यात उतरवला. केरळच्या आकड्यामागेही बाहेर गेलेल्या पुरुषांचा वाटा आहे, तर हरियाणात मुलींच्या जन्माआधीच सुरू होणारा भेदभाव. निष्कर्षाखाली अशा दोन ओळी लिहिणारं जर्नल तोंडी परीक्षेत वेगळं वागवलं जातं.

लोकसंख्या संक्रमणाचा, म्हणजे जन्मदर आणि मृत्युदर टप्प्याटप्प्याने कसे बदलतात ते सांगणारा, सिद्धांतही असाच. पाच टप्प्यांची आकृती काढा आणि भारताचा आकडा त्यावर ठेवा: नमुना नोंदणी योजनेनुसार २०२० मध्ये जन्मदर हजारी १९.५, मृत्युदर ६.०. फरक १३.५, म्हणजे नैसर्गिक वाढ १.३५ टक्के. मृत्युदर तळाला गेलाय, जन्मदर अजून उतरतोय. टप्पा कोणता, ते तुम्हीच लिहाल.

पाचवी पायरी: ‘भौगोलिक कारणे’ कशी लिहायची

प्रश्न: साखर कारखाने ऊस उत्पादक क्षेत्राजवळ आढळतात.

नेहमीचं उत्तर: ‘साखर कारखान्यांना ऊस लागतो. ऊस जवळ असेल तर वाहतूक खर्च कमी होतो. म्हणून साखर कारखाने ऊस उत्पादक क्षेत्राजवळ आढळतात.’ प्रश्न उलटा करून परत दिला, दुसरं काही नाही.

आता साखळी जोडा. ऊस हा वजन घटणारा कच्चा माल आहे. १०० किलो उसातून साधारण १० ते ११ किलो साखर निघते, उरलेलं चिपाड, मळी आणि पाणी. ऊस तोडल्यावर वेळ जाईल तसं त्यातलं साखरेचं प्रमाण घटतं, म्हणून तो लवकर गाळावा लागतो. लांबवर न्यायचा म्हटलं तर निरुपयोगी वजनाचं भाडं द्या आणि साखरही गमवा. म्हणून कारखाना उसाकडे जातो. आल्फ्रेड वेबरने १९०९ मध्ये मांडलेला उद्योग स्थाननिश्चितीचा विचार हाच. शेवटी जागा: प्रवरानगर, कोल्हापूर, सांगली, सोलापूर.

जोडीला कापूस ठेवा. कापसाचं सूत होताना वजन फारसं घटत नाही, त्यामुळे गिरणी शेताजवळ असायचं बंधन नाही. कापूस वऱ्हाडाचा आणि गिरण्या मुंबईच्या, हे म्हणून जमलं. बंदर, भांडवल आणि दमट हवा तिथे होती. ‘फरक स्पष्ट करा’चा प्रश्न यातच तयार झाला.

थोडा पुढचा विचार करणाऱ्यांसाठी: सोलापूर आणि मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या भागात इतके कारखाने कसे, हे वेबर सांगत नाही. त्यासाठी कालवे, उजनीसारखी धरणं, सहकार आणि राजकारण बघावं लागतं. प्रादेशिक विकासाच्या सविस्तर प्रश्नात हा मुद्दा घाला.

‘फरक स्पष्ट करा’मध्ये मुद्दा समोरासमोर हवा. कोकणातली वाडी आणि देशावरचं गावठाण यांत फरक लिहायचा तर एका बाजूला ‘घरं विखुरलेली, प्रत्येकाची आपल्या जागेत, पाणी बऱ्याच ठिकाणी सहज’ आणि समोर ‘घरं एकवटलेली, पाण्याच्या मोजक्या जागांभोवती’. डावीकडे आकार आणि उजवीकडे पाणी असं केलंत तर फरक होत नाही, दोन वेगळ्या टिपा होतात.

सहावी पायरी: क्षेत्रभेट सहल होऊ देऊ नका

क्षेत्रभेटीचा अहवाल बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवला जातो, आणि तपासणाऱ्याला ते कळतं. लांब जायची गरजच नाही. जवळचा आठवडे बाजार घ्या. जाण्याआधी एकच प्रश्न ठरवा: कोणता माल किती लांबून येतो? विक्रेत्यांना चार गोष्टी विचारा: गाव, माल, वाहन, आणि आठवड्यात आणखी कोणत्या बाजाराला जाता. भाजीवाले जवळचे, भांडीवाले लांबचे आणि दर दिवशी वेगळ्या बाजारात, असं काहीतरी निघेल. गावांपासून बाजारापर्यंत रेषा ओढून नकाशा करा. मालानुसार रंग द्या. बाजाराचा प्रभावप्रदेश, म्हणजे त्याच्याशी जोडलेला परिसर, तयार झाला. अहवालात हेतू, जागा, पद्धत, नकाशा, तक्ता, निष्कर्ष एवढं पुरे. फोटो दोन. लोकांना त्यांचं उत्पन्न विचारू नका. ते सांगणार नाहीत आणि तुमच्याशी बोलणंही थांबवतील.

सातवी पायरी: नकाशा भरणं आणि पेपर

जगाच्या आराखड्यात नावं भरण्याआधी पेन्सिलीने तीन रेषा फिकट ओढा. विषुववृत्त गिनीच्या आखातातून, व्हिक्टोरिया सरोवरातून, सुमात्रा आणि बोर्निओतून जातं. कर्कवृत्त भारतात गुजरातेतून शिरून मिझोरममधून बाहेर पडतं. मकरवृत्त साओ पावलोजवळून आणि ऑस्ट्रेलियाच्या मधोमध. या तीन रेषा बसल्या की सुएझ, पनामा, उत्तर अमेरिकेची पंचमहासरोवरं, जर्मनीतलं ऱ्हूर खोरं आपापल्या जागी पडतात. रोज एक आराखडा, पाच खुणा. पुस्तक न बघता भरायचा, मग लाल पेनाने दुरुस्त करायचा. दुरुस्त केलेले आराखडे टाकू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं ते तेवढंच.

खुणा करताना सूची आधी, नकाशा नंतर. बिंदूला बिंदू, प्रदेशाला छटा, मार्गाला रेषा. नावं आडवी आणि एकाच आकारात. रंग दोन-तीनच.

जर्नल प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात पुरं करायचं नसतं. प्रत्येक प्रात्यक्षिक वर्गात झालं की त्याच आठवड्यात उतरवून सही घ्या. जानेवारीत शिक्षकांमागे धावणाऱ्यांची रांग लागते. आणि लेखी पेपरात नकाशाची किंवा आलेखाची पुरवणी दिली असेल तर तिच्यावर बैठक क्रमांक आधी टाका, मग पेन्सिल हातात घ्या. शेवटच्या पाच मिनिटांत ती मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्याने नीट बांधली आहे का, ओढून बघा.